शुद्धिपत्राचा प्रवास

आपल्या बोलण्यात ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार वरचेवर येतो. ऐन वेळी पाऊस आला आणि सहलीच्या बेतावर हरताळ फासला गेला, असे आपण सहज म्हणतो. पण हा हरताळ कोठून आला याचा विचार सहसा कोणी करीत नाही. हरताळ हे पिवळ्या रंगाचे एक खनिज आहे. पोथ्या हाताने लिहिल्या जात त्या काळी चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा लेप देत आणि ते झाकून टाकीत. एखादे अक्षर लिहायचे राहून गेले असेल, तर त्या जागी कावळ्याच्या पायासारखी एक बारीक खूण करीत. तिला काकपद म्हणत. राहिलेले अक्षर मग कडेच्या कोऱ्या जागेत लिहीत आणि ते कोणत्या ओळीतले हे कळावे म्हणून शेजारी ओळीचा आकडा घालीत.

चूक झाकणे, जागा दाखवणे आणि योग्य अक्षर देणे, ही दुरुस्तीची तीन अंगे आपल्या लेखकांनी अशी फार पूर्वीच ओळखली होती. परंतु त्यांना एक गोष्ट साधलेली नव्हती. एका पोथीतली दुरुस्ती त्या पोथीतच राही. त्याच ग्रंथाच्या पन्नास प्रती पन्नास गावी असल्या, तर उरलेल्या एकोणपन्नास प्रतींतली चूक जशीच्या तशी नांदत राही, आणि त्या प्रतींवरून उतरलेल्या नव्या प्रतींत तिची वंशवृद्धी होई. चूक सुधारणे एक आणि सुधारलेली चूक जेथे पोचायला हवी तेथे पोचवणे दुसरे. या दुसऱ्या कामाचा इतिहास पहिल्यापेक्षा अधिक मनोरंजक आहे. तो गोदावरीच्या काठी सुरू होतो, असे म्हटले तरी चालेल. आणि आजच्या घटकेला तो संगणकाच्या पडद्यावर टंकलेल्या एका ओळीपाशी येऊन ठेपला आहे.

*

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जिल्हा नवा, पण भूमी जुनी. त्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी १६०८ साली, शके १५३० च्या रामनवमीला, तेथे नारायण नावाचा मुलगा जन्मला. तोच पुढे समर्थ रामदास म्हणून प्रसिद्धीस आला, आणि त्याच्यामुळे गावालाही आज जांब समर्थ असेच म्हणतात.

दासबोधाचे वीस दशक आणि दोनशे समास. त्यांत प्रपंच आहे, परमार्थ आहे, राजकारण आहे. आणि एकोणिसाव्या दशकाच्या अगदी आरंभी एक समास केवळ लिहिण्याच्या क्रियेवर आहे. तो वाचताना आपण संतवाङ्मय वाचतो आहोत की छापखान्याच्या व्यवस्थापकाची सूचनावही, असा संभ्रम पडावा! पान आधी आखून घ्यावे, ओळींमधले अंतर कमीजास्त होऊ देऊ नये, वरच्या ओळीची वेलांटी खालच्या ओळीला भिडू देऊ नये, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, अशी एकेक बारीक गोष्ट समर्थांनी सांगितली आहे. पानाच्या भोवती जागा सोडावी, म्हणजे कागद कडेने झिजून गळाला तरी अक्षराला धक्का लागणार नाही, हेही सांगितले आहे. अशा सोडलेल्या जागेला आज आपण समास म्हणतो, आणि दासबोधाच्या प्रकरणालाही समासच म्हणतात. योगायोग असला तरी गोड आहे.

याच समासात लेखकाकडून आणखी एक अपेक्षा आहे. तपासणाऱ्याला कोठे अडखळावे लागू नये आणि शोधूनही चूक हाती लागू नये, असे लेखन असावे. म्हणजे लिहिणारा आणि तपासणारा ही दोन माणसे समर्थांच्या डोळ्यांपुढे स्वतंत्रपणे उभी होती. दासबोधाच्या बाबतीत तसेच घडल्याचे संप्रदाय सांगतो. समर्थांनी सांगावे, कल्याणस्वामींनी लिहून घ्यावे, आणि समर्थांनी ते पुन्हा पाहावे. सीना नदीच्या काठी डोमगावला कल्याणस्वामींचा मठ आहे. तेथली दासबोधाची प्रत कल्याणांच्या हातची आणि समर्थांच्या नजरेखालून गेलेली मानतात. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दासबोध छापला तो या प्रतीच्या आधाराने. मूळ कर्ता, लेखक आणि तपासनीस अशी ठाऊक असलेली माणसे जिच्यामागे उभी आहेत अशी प्रत लाभणे, हे ग्रंथाचे भाग्य होय. सगळ्या ग्रंथांच्या वाट्याला ते येत नाही.

*

जालना जिल्ह्याच्या दक्षिण कडेने गोदावरी वाहते. तिच्या काठाने उगमाच्या दिशेने गेले की पैठण लागते. तेथे समर्थांच्या जन्माआधी चोवीस वर्षे एक मोठी दुरुस्ती झाली होती. ज्ञानेश्वरी १२९० सालची. पुढच्या तीनशे वर्षांत तिच्या प्रतींवरून प्रती होत गेल्या. कोणी शब्द सोपा केला, कोणी ओवी गाळली, कोणाला स्वतःची ओवी इतकी आवडली की त्याने ती ज्ञानदेवांच्या नावावर घालून दिली. १५८४ साली, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. काम संपवताना त्यांनी एक इशाराही देऊन ठेवला. या ग्रंथात जो कोणी आपली ओवी घुसडील, त्याने अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवल्यासारखे होईल, असा त्याचा भाव आहे.

नाथांचे हे उपकार मराठी माणूस विसरणार नाही. तथापि इतिहासाच्या दृष्टीने त्यात एक गोष्ट राहून गेली. नाथांनी शुद्ध केलेला ग्रंथ आपल्या हाती आला. त्यांनी कोठे काय बदलले याची यादी मात्र आली नाही. कोणत्या ओवीत कोणता शब्द होता, त्याजागी कोणता घातला, कोणती ओवी मूळची नव्हे म्हणून काढली आणि कोणत्या प्रतीच्या आधाराने, याचा हिशेब उरलेला नाही. त्यामुळे नाथांच्या पूर्वीची ज्ञानेश्वरी कशी होती, हा प्रश्न अभ्यासकांना सतत छळीत राहिला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली, नाथांच्याही आधीची म्हणून एक प्रत छापून प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून तो वाद अधिकच रंगला. नाथांच्या जवळ कागदाचे चार बंद जास्त असते आणि त्यांवर ‘येथे हे होते, तेथे हे केले’ एवढे लिहून राहिले असते, तर पुढच्या तीनशे वर्षांचे केवढे श्रम वाचले असते!

नव्या प्रतीपेक्षा जुन्या व नव्या प्रतींतला फरक जपून ठेवणे कधीकधी अधिक मोलाचे असते, ही गोष्ट मराठी मुलखात पुण्याला पूर्णपणे उमगली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. १९२५ पासून १९४३ साली देहावसान होईपर्यंत विष्णु सीताराम सुखटणकर यांनी त्याची धुरा वाहिली, आणि १९६६ साली ते पुरे झाले. सत्तेचाळीस वर्षे लागली आणि बाराशेंहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली. काम चाले ते असे: एका मोठ्या आखीव कागदावर वरच्या ओळीत श्लोक लिहायचा, एका चौकोनात एक अक्षर, आणि त्याखाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ. जेथे त्या प्रतीत वेगळे अक्षर असेल, तेवढेच त्या चौकोनात भरायचे. हे कागद सगळेच पुण्यात भरले जात नसत. शांतिनिकेतनात आणि तंजावरातही प्रती ताडून पाहण्याचे काम चाले, आणि तेथील निष्पत्ती पुण्याला येई. ग्रंथ छापला तेव्हा वर स्वीकारलेला पाठ आणि खाली नाकारलेले सर्व पाठ, प्रतींच्या खुणांसह, असे पान झाले. ज्या पाठाविषयी संपादकांची खात्री नव्हती, त्याच्याखाली त्यांनी नागमोडी रेघ ओढली. आपल्या शंकेचीही नोंद करून ठेवणारा हा प्रामाणिकपणा वंदनीय आहे.

छापील पुस्तकांच्या शेवटी जे शुद्धिपत्र असे, तेही याच जातीचे. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध, असे त्याचे चार रकाने. घरातला एखादा शिस्तीचा माणूस पुस्तक आणल्याबरोबर पेन्सिल घेऊन बसे, आणि शुद्धिपत्रातल्या सर्व दुरुस्त्या आतल्या पानांवर करून मगच वाचायला घेई. हे चार रकाने वाचकांनी ध्यानात ठेवावेत, कारण यापुढची सारी कथा त्यांचीच आहे.

*

इंग्रजीत ठिगळाला पॅच म्हणतात. संगणकाच्या आरंभीच्या काळात आज्ञा कागदाच्या लांब पट्टीवर भोके पाडून दिल्या जात. भोक चुकीच्या जागी पडले की त्यावर कागदाचे ठिगळ चिकटवायचे आणि योग्य जागी नवे भोक पाडायचे. आपल्या हरताळाचीच ही धाकटी बहीण! पट्ट्या गेल्या, पण संगणकाच्या आज्ञावलीतल्या दुरुस्तीला ठिगळ हे नाव पडले ते पडलेच. चुकीला तिकडे बग म्हणजे किडा म्हणतात, आणि अशा किड्यांची अनुक्रमांकासह नोंद ठेवणारी जी वही, तिला बग ट्रॅकर. आपण तिला चुकांची नोंदवही म्हणू.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७४ च्या सुमारास डग्लस मॅकिलरॉय यांनी डिफ नावाचे एक साधन केले. दोन मजकूर त्याला द्यावेत. कोठल्या ओळीत काय होते आणि काय झाले, तेवढेच ते काढून दाखवते. ओळीचा आकडा, जुनी ओळ, नवी ओळ. म्हणजे आपले शुद्धिपत्रच. पण ते तयार करायला आता मुद्रितशोधक बसवावा लागत नव्हता. सुखटणकरांच्या सहकाऱ्यांनी डोळे शिणवून केलेले ताडून पाहण्याचे काम यंत्र काही क्षणांत करू लागले. कोणता पाठ खरा हे मात्र ते सांगत नव्हते, आणि आजही सांगत नाही.

उरला होता तो पेन्सिल घेऊन बसणारा शिस्तीचा माणूस. ते काम १९८५ साली लॅरी वॉल यांनी यंत्राकडे सोपवले. त्यांच्या साधनाचे नावच पॅच. शुद्धिपत्र आणि मूळ मजकूर त्याच्या हवाली केला की दुरुस्त्या आपोआप जागच्या जागी बसत. यातही एक मार्मिक सोय होती. समजा, आपण चाळिसाव्या ओळीतली चूक दाखवली, पण मधल्या काळात मूळ लेखकाने आरंभी पाच ओळी वाढवल्या. आता आपली ओळ पंचेचाळिसावी झाली. केवळ आकड्यावर विसंबणारा येथे फसेल. म्हणून दुरुस्तीच्या आगेमागे असलेल्या दोनतीन ओळीही सोबत पाठवायच्या. पॅच त्या ओळींच्या शेजारावरून खरी जागा हुडकून काढी. खेड्यात घराचा क्रमांक कोणी विचारीत नाही, ‘मारुतीच्या देवळामागे, वडाच्या अलीकडे’ एवढ्यावर माणूस पोचतो. त्यातलाच हा प्रकार.

याचा परिणाम फार मोठा झाला. यापूर्वी दुरुस्ती सुचवायची तर सबंध मजकूर पाठवावा लागे. आता दहा ओळींचे ठिगळ पाठवून भागू लागले. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉर्व्हल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने आरंभलेली लिनक्स ही प्रणाली देशोदेशीच्या माणसांनी टपालाने, म्हणजे विजेच्या टपालाने, अशी ठिगळे पाठवीत पाठवीत वाढवली. आपल्याकडच्या वाकळेसारखीच ती जुळत गेली. फरक एवढाच की येथे कोणत्या बाईने कोणता टाका घातला, याची नोंद राहिली. २००४ पासून तर ठिगळ ज्याच्या ज्याच्या हातून पुढे सरकेल, त्याने त्याखाली आपले नाव घालावे असा रिवाज पडला. २००५ साली टॉर्व्हल्ड्स यांनीच केलेल्या गिट या साधनात, ठिगळाचा कर्ता कोण आणि ते ग्रंथात बसवणारा कोण, अशी दोन वेगळी नावे राहतात. डोमगावच्या प्रतीत समर्थ वेगळे आणि कल्याण वेगळे, तसेच हे.

*

आता खरी गंमत पुढे आहे. ठिगळ तयार करणे सोपे झाले, ते बसवणे सोपे झाले, आणि तरीही माणसे ठिगळे पाठवीनात! याचे कारण मधल्या वाटेत होते.

१९९८ साली मोझिला प्रकल्पाने आपली आज्ञावली जगाला खुली केली आणि त्याच वर्षी बगझिला नावाची चुकांची नोंदवहीही चालू केली. नोंदवही उत्तम. प्रत्येक चुकीला क्रमांक, तिच्याखाली चर्चा, तिला जोडलेली ठिगळे, आणि ते ठिगळ कोणी तपासले याची खूण. पण घरी बसून ज्याने चूक सुधारली आहे, त्याला काय काय करावे लागे ते पाहा. आधी डिफ काढायचा आणि तो वेगळ्या कागदपत्रात साठवायचा. मग नोंदवहीच्या पानावर जायचे, आपले नाव व परवलीचा शब्द द्यायचा, चुकीचा क्रमांक हुडकायचा. साठवलेले ठिगळ शोधून जोडायचे, ‘हे ठिगळ आहे’ अशी खूण करायची, त्याचे वर्णन लिहायचे, तपासनीस निवडायचा. तपासनिसाने ‘अमुक ठिकाणी अल्पविराम चुकला’ म्हणून परत पाठवले की ही सगळी प्रदक्षिणा पुन्हा घालायची. शिवाय आधीचे ठिगळ बाद झाल्याची खूण करायला विसरले, तर कोणीतरी जुनेच ठिगळ बसवून मोकळा होई.

सरकारी कचेरीत गेलेल्या माणसाला या अनुभवाची ओळख पटेल. काम पाच मिनिटांचे, अर्ज पाच खिडक्यांवर! अशा वेळी माणूस काय करतो? आपली दुरुस्ती आपल्यापुरती करून घेतो आणि गप्प बसतो. ती दुरुस्ती त्याच्या यंत्रात राहते. पोथीच्या कडेला लिहिलेल्या त्या अक्षराचीच ही पुनरावृत्ती.

यावर तोडगा निघाला तो कमांड लाइनवर. कमांड लाइन म्हणजे पडद्यावरच्या चित्रांवर बोट न ठेवता, एकेक आज्ञा टंकून संगणकाशी बोलण्याची जुनी रीत. २००८ साली ओवेन टेलर यांनी गिट-बीझेड हे छोटे साधन केले. त्यात ‘जोड’ अशा अर्थाची आज्ञा आणि चुकीचा क्रमांक एवढे एका ओळीत लिहिले की पुरे. साधनच फरक काढी, ठिगळ बांधी, नोंदवहीत योग्य क्रमांकाखाली नेऊन जोडी, आणि जुन्या ठिगळांपैकी कोणते बाद करायचे ते पाठवण्याआधी विचारी. उलट दिशेचीही सोय होती: नोंदवहीतले ठिगळ एका आज्ञेने आपल्या प्रतीत आणून बसवता येई. सफारीच्या मुळाशी असलेल्या वेबकिट प्रकल्पातही असेच साधन वर्षानुवर्षे चालले. तेथे ठिगळ पाठवताच ‘तपासणीस तयार’ अशी खूण आपोआप पडे.

पहिल्या आवृत्तीतच सगळे साधले असे नाही. अशा साधनापुढे एक पेच असतो. नोंदवहीच्या दारात ‘कोण आले आहे’ हे सांगावे लागते. पण प्रत्येक वेळी परवलीचा शब्द विचारला तर सोय कसली, आणि तो कोठे लिहून ठेवला तर चोराला आमंत्रणच! गिट-बीझेडने प्रथम युक्ती केली ती अशी, की मालकाने ब्राउझरमधून नोंदवहीत आधीच प्रवेश केला असेल, तर त्याचीच ओळखचिठ्ठी हे साधन उसनी घेई. युक्ती नामी, पण तकलादू. ब्राउझरने चिठ्ठी ठेवण्याची जागा बदलली की साधन दारातच अडायचे. २०१५ साली बगझिलाच्या पाचव्या आवृत्तीत यासाठी सरळ मार्ग झाला. साधनांनी यावे म्हणून वेगळे दार, आणि त्या दाराची वेगळी किल्ली. ही किल्ली हरवली तर तेवढीच रद्द करायची. घराचे मुख्य कुलूप बदलावे लागत नाही. मोझिलाने पुढे ठिगळांच्या तपासणीसाठी वेगळी व्यवस्था स्वीकारली, तेव्हा तिच्यासाठीही कमांड लाइनवरचे साधन केले. दुरुस्तीच्या शीर्षकातच चुकीचा क्रमांक आणि तपासनिसाचे नाव लिहिलेले असते. साधन ते वाचते आणि ठिगळ योग्य माणसापुढे नेऊन ठेवते.

या सुधारणांकडे पाहिले की एक सूत्र दिसते. जे यंत्राला ठाऊक आहे ते माणसाला पुन्हा विचारू नये. आणि जे माणसालाच ठाऊक असते, म्हणजे चूक का झाली आणि दुरुस्ती का योग्य, ते मात्र विचारल्याशिवाय राहू नये. शुद्धिपत्राचे चार रकाने यंत्राने भरावेत, पाचवा कारणाचा रकाना माणसाने भरावा.

*

वाट सोपी झाली की तिच्यावरून चोरही येतो. नाथांनी ज्या करवंटीची धास्ती घेतली होती, ती आपल्या काळातही अमृताच्या ताटात येऊन पडली. एक्सझेड नावाचे, मजकूर आटोपशीर बांधून ठेवणारे एक साधन जगातल्या असंख्य संगणकांत असते. ‘जिया टॅन’ हे नाव धारण करणाऱ्या कोणीतरी २०२१ पासून तेथे चांगली, उपयुक्त ठिगळे पाठवली, विश्वास संपादन केला, आणि अखेर ग्रंथाच्या किल्ल्याच हाती घेतल्या. २०२४ च्या आरंभी निघालेल्या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. अर्धा सेकंद! दुसरा कोणी असता तर त्याने चहाचा घोट घेऊन तिकडे दुर्लक्ष केले असते. फ्रॉइंड यांनी पाठपुरावा केला, आणि २९ मार्च २०२४ रोजी हे कारस्थान उघडकीस आले.

यातली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विलक्षण आहे. चोरदरवाज्याची सामग्री चाचणीचे नमुने म्हणून वेषांतर करून ग्रंथात ठेवलेली होती. पण तिला जागे करणारा मजकूर, ठिगळांची नोंद जेथे राहते तेथे नव्हता. तो होता फक्त लोकांना वाटण्यासाठी बांधलेल्या प्रतीत. नोंदीत एक आणि वाटलेल्या प्रतीत दुसरे! कोठे काय बदलले याची यादी आणि प्रत्यक्ष प्रत यांचा मेळ घालून पाहिला पाहिजे, हा पैठणच्या ज्ञानेश्वरीने शिकवलेला धडा चारशे चाळीस वर्षांनी जगाला पुन्हा गिरवावा लागला. तेव्हा दुरुस्ती पाठवण्याची वाट रुंद करावी हे खरे, पण तपासनिसाची चौकी तेथून हलवता कामा नये. वाट सोपी केल्याने वाचलेला वेळ तपासनिसाच्या पदरात पडला, तरच ती सोय कारणी लागली.

*

यात तुमचाआमचा संबंध काय, असे घरातली वडील मंडळी विचारतील. संबंध आहे. दिवाळीच्या फराळाची तयारी चालली आहे आणि कोणी निरोप धाडला, ‘आचाऱ्यास लाडवांचे सांगा.’ आता यातला अर्धा र संगणकाने रफार करून वर चढवला, तर निरोप होतो, ‘आचार्यास लाडवांचे सांगा’, आणि वेदान्ताच्या पंडिताला बुंदी पाडायला बसावे लागते! दऱ्या डोंगरात असतात आणि दर्या म्हणजे समुद्र. हा फरक मराठी वाचणाऱ्या पोरालाही कळतो. हिंदीत त्याची गरज पडत नाही. म्हणून देवनागरी म्हणजे हिंदी असे समजून चालणाऱ्या यंत्राला तो मुद्दाम शिकवावा लागतो. शिवाय हा आडवा र लिहिण्याच्या दोन रीती संगणकात आहेत; डोळ्यांना दोन्ही सारख्या दिसतात, पण एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर यंत्र कित्येकदा ‘सापडत नाही’ म्हणते. ‘ॲ’ हे आपल्या नेहमीच्या वापरातले अक्षर घ्या. जगातल्या सर्व लिप्यांची मोजदाद ठेवणाऱ्या युनिकोड संहितेत त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, संहितेच्या ५.१ या आवृत्तीत. कोणीतरी उणीव दाखवली, रीतसर प्रस्ताव गेला, तपासला गेला, म्हणून ते अक्षर आज आपल्या हाताशी आहे.

अशा दुरुस्त्या कोण करणार? ज्याला मराठी येते तोच. अंबडच्या शाळेतल्या शिक्षिकेला, परतूरच्या एखाद्या महाविद्यालयीन मुलाला, जालन्याच्या बाजारपेठेत हिशेब लिहिणाऱ्या मुनिमाला चूक दिसते ती कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याला दिसणार नाही. पण पाच खिडक्या, आठ खुणा आणि वरून सगळे इंग्रजीत, अशी वाट असेल, तर त्यांना दिसलेली चूक त्यांच्यापाशीच राहील. नोंदवहीत तक्रार नाही, म्हणून वरिष्ठ समजतील की चूकच नाही. दुरुस्ती पाठवण्याची वाट किती लांब आहे, यावर दुरुस्ती करण्याचा अधिकार प्रत्यक्षात कोणाला आहे हे ठरते. पोथीच्या काळात तो मठातल्या चारदोन जणांना होता, चिकित्सक आवृत्तीच्या काळात विद्वानांच्या मंडळाला. ठिगळ आणि नोंदवही यांनी तो जाणत्या कारागिराला दिला. तो शाळेच्या वर्गापर्यंत आणायचा असेल, तर वाट अजून दोनचार पायऱ्यांनी कमी झाली पाहिजे आणि ती मराठीतूनही चालता आली पाहिजे. ही साधने बहुधा खुली असतात. त्यांची वाट सुधारणारे ठिगळही त्याच वाटेने पाठवता येते. आपल्या घरातल्या ज्या मुलामुलींना संगणकाची भाषा अवगत आहे, त्यांनी सुट्टीतले चार दिवस या कामी लावले तर समर्थांच्या त्या तपासणाऱ्याला अडखळण्याचा एक दगड तरी कमी होईल.

यंदाच्या दिवाळीला घरातला एखादा मराठी शब्द पडद्यावर चुकीचा दिसला, तर चडफडून सोडून देऊ नये. तो कोठे दिसला, कसा दिसला, कसा दिसायला हवा आणि का, एवढे चार ओळींत लिहावे, खाली आपले नाव घालावे आणि जाणत्या माणसाच्या हवाली करावे. हरताळाची वाटी आता घरोघर नाही. शुद्धिपत्राचे रकाने मात्र अजून रिकामे आहेत आणि ते भरण्याची पाळी आपली आहे.